पाच नंबरचा काका

डोटा टूमध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात आणि त्या पाचांना एक ते पाच असे नंबर असतात. हे नंबर हुशारीचे नाहीत, हक्काचे आहेत. मैदानात मिळणाऱ्या सोन्यावर पहिला हक्क एक नंबरचा. त्याला कॅरी म्हणतात आणि तो स्वतःला जावई समजतो. मग दोन, मग तीन. चार नंबरला उरलंसुरलं. पाच नंबरला कुणी काही म्हणतच नाही, त्याने समजून घ्यायचं असतं. मी पाच नंबर.

ही नेमणूक माझ्या पुतण्याने केली. “काका, तुझा हात जरा स्लो आहे, तू सपोर्ट घे,” असं तो म्हणाला, आणि मी आयुष्यभर जे विनातक्रार करत आलो तेच आता माउस हातात धरून करू लागलो.

खेळ समजायला सोपा आहे, असं ज्यांना तो येतो ते सांगतात. चौकोनी नकाशा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन तळ, मध्ये तीन रस्ते आणि बाकी जंगल. दर तीस सेकंदांनी दोन्हीकडून क्रीप नावाचे शिपाई निघतात आणि वाटेत एकमेकांवर आपटून मरतात. सव्वाशेच्या आसपास हिरो आहेत, त्यातला एक आपण घ्यायचा आणि शत्रूच्या तळातली एन्शन्ट नावाची मुख्य इमारत पाडायची. प्रत्येक हिरोची अस्त्रं वेगळी, शिवाय दुकानात वस्तूंची रांग. जखम झाली तर झाडं खायची. सामान गाढव आणून देतं. नदीकाठी रोशन नावाचा राक्षस राहतो. त्याला मारलं की मेल्यावर पुन्हा उठण्याची सोय हाती लागते आणि पुढच्या खेपांना तो चीजसुद्धा देतो. चीज कॅरी खातो.

यातली एक गोष्ट मात्र मला समजावून सांगावी लागली नाही. समोरच्या क्रीपला शेवटचा घाव जो घालतो त्याला सोनं मिळतं. पण आपलाच शिपाई निम्म्याहून जास्त खचला असेल, तर शत्रूने त्याला मारण्याआधी आपणच त्याला ठार करायचं. याला डिनाय म्हणतात. आपल्याला यात एक पै मिळत नाही, फक्त समोरच्याला मिळायची ती बुडते. मी दहा वर्षं हाउसिंग सोसायटीच्या कमिटीवर होतो. पहिल्याच दिवशी माझे डिनाय पाहून पुतण्या चकित झाला.

माझी हिरो क्रिस्टल मेडन. निळ्या कपड्यांतली, बर्फाची अस्त्रं असलेली नाजूक मुलगी. पन्नाशीतल्या, मिशा राखणाऱ्या गृहस्थाने ती घ्यावी याचं घरात हसू झालं, पण आमचा स्वभाव जुळतो. ती चालायला फार संथ. कुणी नुसता धक्का दिला तरी मरते. तिचं सगळ्यात मोठं अस्त्र म्हणजे एका जागी उभं राहून हिमवर्षाव करणं, आणि शत्रूने मध्येच टाचणी लावली की तो वर्षाव तिथेच बंद. मात्र तिच्याकडे एक अशी गोष्ट आहे की ती जिवंत असेपर्यंत तिच्या बाजूच्या सगळ्यांचा ‘माना’, म्हणजे अस्त्रं चालवायचं इंधन, आपोआप भरत राहतो. ते नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असले तरी! कुणाला ते कळतही नाही. तिला आभाराचा मेसेज आलेला मी अजून पाहिलेला नाही.

पाच नंबरचं खरं काम म्हणजे वॉर्ड. नकाशावर अंधार असतो. आपली माणसं असतील तेवढंच दिसतं. म्हणून एखाद्या उंचवट्यावर वॉर्ड खोचायचा, म्हणजे आसपासचा भाग सहा मिनिटं उजळतो. ऐकायला हे निवांत वाटतं. प्रत्यक्षात मी एकटा, काठी टेकत चालल्यासारखा, नदीच्या कडेकडेने निघतो. टेकाडावर चढतो, वॉर्ड लावतो, खाली उतरतो आणि झाडाआड उभे असलेले तिघे शत्रू मला मारतात. मरता मरता मी बघतो, की मी आत्ताच लावलेल्या वॉर्डमुळे ते तिघेही आमच्या टीमला लख्ख दिसताहेत. मग कॅरी त्यांच्याच दिशेने चालत जातो, मरतो आणि माइकवर विचारतो, “वॉर्ड कुठंय?” हा कॅरी बहुधा मनिलाचा असतो, कारण आम्ही सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळतो. पुढचं तो त्याच्या मातृभाषेत बोलतो. भाव पोचतात.

या खेळाचा कर्ताधर्ता मला फार आवडतो. २००३ साली ‘वॉरक्राफ्ट थ्री’ या गेमवर हौशी लोकांनी केलेला मूळ डोटाचा नकाशा हातोहात फिरत पुढे आइसफ्रॉग नावाच्या माणसाकडे आला, २००९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं आणि २०१३ मध्ये डोटा टू रीतसर बाजारात आला. आइसफ्रॉग हे टोपणनाव. खरं नाव त्याने कधी जाहीर केलं नाही. आपल्याकडे जिना रंगवून दिला तरी माणूस शाल-श्रीफळाची वाट बघतो! आइसफ्रॉग नक्की पाच नंबरवर खेळत असणार.

पैसा मात्र बक्कळ आहे. २०२१ मध्ये बुखारेस्टला झालेल्या ‘द इंटरनॅशनल’ या डोटाच्या जागतिक स्पर्धेची बक्षिसं मिळून ४ कोटी डॉलर होती. आपल्या वरळीच्या एनएससीआय डोममध्येही २०१९ च्या एप्रिलमध्ये मोठी स्पर्धा झाली. त्याच महिन्यात ओपनएआयच्या यंत्रांनी ओजी या जगज्जेत्या टीमला सलग दोन डावांत हरवलं. त्या यंत्रांच्या प्रोग्रॅममध्ये ‘टीम स्पिरिट’ नावाचा एक आकडा होता: शून्य म्हणजे फक्त स्वतःचं बघायचं, एक म्हणजे सगळ्यांचं मिळून बघायचं. शिकवताना तो हळूहळू वाढवत नेला. आमच्या कॅरीचा तो आकडा कुठे फिरवायचा असतो, हे मी पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, “काका, वॉर्ड लाव.”

राहिला घरचा प्रश्न. सामना तीस-चाळीस मिनिटं चालतो आणि मध्येच उठून गेलं तर शिक्षा म्हणून पुढचे काही सामने तसल्याच पळपुट्यांबरोबर खेळावे लागतात. त्यामुळे सुरुवातीला बायकोची हाक आणि माझं “आलो, पाच मिनिटं” यावरून रोज वाद. मग तिच्या लक्षात आलं, की मी मेलो की स्क्रीन करडी होते, कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातात आणि तेवढा वेळ हा माणूस पूर्ण रिकामा असतो. खेळ जितका लांबतो तितकं मरण लांबतं. श्रीमंत खेळाडू सोनं मोजून लगेच जिवंत होतात, त्याला बायबॅक म्हणतात. पाच नंबरकडे तेवढं सोनं कुठून असणार? त्यामुळे माझं मरण नेहमी पुरतं, हेही तिला पाठ झालं.

परवा शेजारच्या जोशीकाकू विरजण मागायला आल्या होत्या. स्वयंपाकघरातून हाक आली, “अहो, मेलात का?”

काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

“हो, आत्ताच!” मी बाहेरून ओरडलो.

“मग गॅस बंद करा आणि काकूंना विरजण द्या. किती वेळ आहे अजून?”

“सत्तर सेकंद.”

“मग कुंडीतला कढीपत्ताही तोडून आणा.”