नव्वद मिनिटं आणि डबाभर बाकरवडी

॥ श्री ॥

एडिसन, न्यू जर्सी
३० जून २०२४

तीर्थरूप अण्णा आणि आईस,


तुमचं पत्र पोहोचलं. फोनवर आपण रोज बोलतो, पण रागावलात की तुम्ही पत्र लिहिता, हे मला हॉस्टेलपासून माहीत आहे. त्यामुळे पाकीट बघूनच पोटात गोळा आला. आत सातारच्या लोकसभा निकालाचा पंचनामा निघाला. एकाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, दुसऱ्याचं नुसती पिपाणी, आणि यादीत पिपाणीचंही नाव तुतारीच. पिपाणीला पडली ३७ हजारांवर मतं आणि निकाल लागला ३२ हजारांच्या फरकानं. हे सगळं लाल पेनानं मांडून तुम्ही खाली लिहिलंत, "यापुढे आम्ही मतदान करणार नाही. विधानसभेला तर नाहीच." तुम्ही मत कुणाला दिलंत हे आईला उभ्या संसारात कळलेलं नाही, तेव्हा मीही विचारत नाही. पण उत्तर देण्याआधी इथली हकीकत सांगते.

गेल्या वर्षी नेवार्कला हात वर करून शपथ घेतली आणि मी इथली नागरिक झाले, तेव्हा आई फोनवर रडली आणि तुम्ही विचारलंत, "खर्च किती आला?" ७२५ डॉलर. त्याआधी नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा होती. तेव्हा १०० प्रश्नांची यादी असे, विचारायचे १०, बरोबर यावे लागायचे ६. तुमची मुलगी म्हणून मी शंभरच्या शंभर घोकले. "देशातले दोन मोठे पक्ष कोणते?" हा त्यातलाच एक. "मग त्यातला बरा कोणता?" हा मात्र यादीत नव्हता. तो आता आलाय, अभ्यासक्रमाबाहेरून.

गुरुवारी आमच्याकडे सकाळपासून सणच होता. दिवसा गयानात वर्ल्ड कपची आपली इंग्लंडशी सेमीफायनल आणि रात्री ९ वाजता टीव्हीवर अटलांटाहून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी बायडन आणि ट्रम्प यांची जुगलबंदी. अर्धी मंडळी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासाठी सॅन होजेला गेलेली, म्हणून आमच्याकडे जमले ते उरलेसुरले. शेजारचे गुजराती काका, पलीकडच्या घरातल्या अमेरिकन आजी आणि सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या माझ्या सासूबाई. काका ट्रम्पवाले. आजी जन्मभर डेमोक्रॅट. सासूबाई निष्पक्ष, कारण त्यांना इथे मत नाही. मधे ठेवलेला बाकरवडीचा डबा सर्वपक्षीय.

तुमचे जावई अजून सेमीफायनलमधून बाहेर आले नव्हते. इंग्लंडच्या बटलरनं टॉस जिंकून आपल्याला बॅटिंग दिली आणि ६८ धावांनी हरला. इथेही टॉस होता, अण्णा! आठवडाभर आधी नाणं उडवलं, ते बायडनच्या माणसांनी जिंकलं. त्यांनी काय मागितलं? तर पडद्यावर उजवीकडची जागा. शेवटचा शब्द मिळाला ट्रम्पना. "अरे, चौथी इनिंग समोरच्याला देऊन पॅव्हेलियन एंड कुणी मागतं का?" असं म्हणत जावयांनी सामना तिथेच सोडून दिला.

नियम तर बोर्डाच्या परीक्षेचे. घरून काही लिहून आणायचं नाही. मिळणार एक पेन, एक वही, एक पाण्याची बाटली. मधे दोनदा जाहिराती, पण त्या वेळातही आपल्या माणसांशी बोलायचं नाही. ("ड्रिंक्स ब्रेकला बारावा खेळाडूही नाही?") समोर प्रेक्षक नाहीत. १९६० साली केनेडी-निक्सन असेच रिकाम्या स्टुडिओत बोलले होते. निक्सनच्या घामाची गोष्ट तुम्ही आम्हाला कितीदा सांगितलीत! आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्याची पाळी नाही त्याचा माइक बंद. पडद्यावर ट्रम्पचे ओठ हलताना दिसले आणि ऐकू काही येईना, तेव्हा सासूबाईंनी रिमोट दोनदा मांडीवर आपटला. मी खुलासा केला. त्या म्हणाल्या, "हे यंत्र भारतात मिळतं का गं?" कुणासाठी हवंय ते मी विचारलं नाही. सासरे तिकडे सुखरूप आहेत.

दोघं आले. हातात हात घेतला नाही, रामराम नाही. बायडन ८१, ट्रम्प ७८. बायडन बोलू लागले आणि आवाजच फुटेना. सर्दी झाली होती म्हणे. दहा-बारा मिनिटांत एका उत्तरात ते अडखळले, थांबले आणि म्हणाले की आपण शेवटी मेडिकेअरला हरवलं. मेडिकेअर म्हणजे इथला पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा. आजींचा हात बाकरवडीच्या डब्यातच राहिला. "मी त्याच विम्यावर आहे," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी हरले का?"

काका आधी खूश होऊन टाळ्या वाजवत होते. मग त्यांचाही हात खाली आला. त्यांचे वडील अहमदाबादेत याच वयाचे आहेत. सासूबाई म्हणाल्या, "वयाचं काही नाही. पण एवढ्या थोर माणसाला घरच्यांनी सांगायला हवं होतं, की आता बसा." मला तुम्ही आठवलात. तुम्ही ८२ चे, बायडनहून मोठे. इथे हे चाललं होतं तेव्हा साताऱ्यात शुक्रवारची पहाट उजाडली होती आणि तुम्ही अजिंक्यताऱ्याच्या चढावर असणार. तुम्हाला 'आता बसा' सांगायची हिंमत आमच्यात कुणात आहे? त्यांच्या घरातही नसेल.

ट्रम्पचा आवाज खणखणीत. पण विचारलं एक की उत्तर भलत्याचंच. सासूबाईंनी पाच मिनिटांत ओळखलं, "हा आपल्या सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरीसारखा आहे. पाण्याचं विचारलं की वॉचमनचं सांगतो." आमच्या चिरंजीवांनी खोट्याचा हिशेब ठेवायला वही घेतली होती, पण पान भरल्यावर कंटाळून झोपायला गेले. पुढे ही जुगलबंदी दाखवणाऱ्या चॅनेलच्याच तपासनिसानं मोजलं, ट्रम्पची चुकीची विधानं ३० च्या वर आणि बायडनची किमान ९. सासूबाईंनी विचारलं, "मग प्रश्न विचारणारे दोघं समोरच बसले होते ना? तेव्हाच का नाही बोलले?" ते बोलायचं नाही असंच ठरलं होतं. म्हणजे उमेदवारांचे माइक पाळीपाळीनं बंद आणि पंचांचे मनानेच बंद.

आता माझी गोष्ट. एवढ्या वेळात एकच प्रश्न माझा आला. पाळणाघरांच्या फिया परवडत नाहीत, तुम्ही काय करणार? अण्णा, तीन वर्षांच्या तुमच्या नातीच्या पाळणाघराला आम्ही जे भरतो ते ऐकलंत तर तुम्ही विमानानं येऊन तिला साताऱ्याला घेऊन जाल. मी टीव्हीचा आवाज वाढवला. सगळ्यांना "शूऽऽ" केलं. ट्रम्पनी कुणाला नोकरीवरून काढलं आणि बायडननी कुणाला काढलं नाही ते सांगितलं. बायडननी इतिहासतज्ज्ञांनी ट्रम्पना सर्वांत वाईट अध्यक्ष ठरवल्याचं सांगितलं. प्रश्न विचारणाऱ्यानं बिचाऱ्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. बायडननी करसवलतीची दोन वाक्यं घाईघाईनं टाकली. ट्रम्पकडून पाळणाघराचा पाळणाही हलला नाही.

आणि थोड्या वेळानं गोल्फ आला! वयाबद्दल विचारलं होतं, तर ट्रम्प म्हणाले, मी क्लबच्या दोन स्पर्धा जिंकल्यात, यांना तर पन्नास यार्डही चेंडू मारता येत नाही. बायडन म्हणाले, उपाध्यक्ष असताना माझा हँडिकॅप सहा होता, चला, होऊन जाऊ दे. हँडिकॅप म्हणजे जितका कमी तितका खेळाडू भारी, असं जावयांनी मला समजावलं. ते साहेबांबरोबर वर्षातून एकदा खेळतात आणि त्यांचा हँडिकॅप साहेब असतात. त्या विषयावर दोघांनाही कंठ फुटला, आकडे आठवले, जोर आला. शेवटी ट्रम्प म्हणाले, पोरांसारखं वागू नका. बायडन म्हणाले, पोर तर तुम्हीच आहात. मला वाटलं, चला, निदान मुलांचा विषय निघाला.

नव्वद मिनिटं संपली. पाच कोटींवर लोकांनी ती पाहिली म्हणे. डब्यात तळाचा चुरा उरला होता. आजी उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "तीसेक कोटींच्या देशात हेच दोघं?" काकासुद्धा काही बोलले नाहीत. सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी हीच दोन स्थळं आली होती ना? एकाला होकार दिला, एकाला नकार. मग मधल्या काळात नवं कुणी पाहिलंच नाही का?" तेव्हापासून घरोघरी हेच चाललंय. टीव्हीवर, वर्तमानपत्रांत, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत, सगळीकडे बायडननी थांबावं का याचीच चर्चा.

तुमची पिपाणी वाईट, कबूल. पण इथली चिन्हं ऐका: एकाचा हत्ती, दुसऱ्याचं गाढव. "गाढव कुणी आपणहून घेतं?" असं सासूबाईंनी विचारलंच. आणि माझ्या मताची किंमत? न्यू जर्सीला राष्ट्राध्यक्ष निवडण्याची १४ मतं आहेत आणि ती १९८८ नंतर रिपब्लिकनांना एकदाही गेलेली नाहीत. म्हणून आमच्याकडे मत मागायला कुत्रंही फिरकत नाही. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. तिथली १९ मतं कुठे झुकतील ते कुणाला सांगता येत नाही. जावयांचा मावसभाऊ तिकडे राहतो. त्याचा फोन प्रचारवाले सुखानं जेवू देत नाहीत. आम्ही त्याच्याकडे जेवायला गेलो की नदीवरच्या पुलापलीकडे माझं मत एकदम सोन्याचं झाल्यासारखं वाटतं, आणि परतताना पुन्हा चिल्लर. तुमच्या गल्लीतून निदान रिक्षा भोंगा लावून जाते, अण्णा. तुम्हाला कुणीतरी विचारतं.

आणि तुमच्याकडे नोटा आहे. २०१३ पासून 'वरीलपैकी कुणीही नको' असं बटण दाबून सांगता येतं. इथे ती सोय पन्नास राज्यांपैकी फक्त नेव्हाडात. बाकीच्यांनी सोफ्यावर बसून बाकरवडी खायची.

एवढं सगळं बघूनही मी ५ नोव्हेंबरला जाणार आहे. ७२५ डॉलर भरलेत म्हणून नव्हे. गुरुवारी पाळणाघराचा प्रश्न दोनदा विचारला गेला, आणि दोन्ही वेळा तो टाळता आला, कारण तो विचारणाऱ्या आयांपैकी निम्म्या मतदानाला जातच नसणार असा दोघांचाही हिशेब असावा. आपण रुसून घरी बसलो की यांना बरंच आहे. तुम्ही १९६७ पासून एकही मतदान चुकवलेलं नाही. पिपाणीसाठी ती परंपरा मोडू नका. चिन्ह कळत नसेल तर चष्मा बदला, कुणीच पटत नसेल तर नोटा दाबा, पण केंद्रावर जा. इथे बोटाला शाई लावत नाहीत, शर्टाला लावायला स्टिकर देतात. तो संध्याकाळपर्यंत पडतो. तुमची शाई आई भांडी घासायच्या काथ्यानं घासते तरी पंधरा दिवस जात नाही.

काल जिंकलेल्या वर्ल्ड कपचे कंदी पेढे आमच्या वाटचेही तुम्हीच खा. पण साखर तपासून. आईला सांगा, फोनवर बोलताना वारीला गेलेल्या मावशीची खबर हवी.

तुमची,
बेबी

ता. क. २२ जुलै. हे पत्र तीन आठवडे माझ्या पर्समध्येच राहिलं. तेवढ्यात काल बायडननी निवडणुकीतून माघार घेतली आणि कमला हॅरिस यांचं नाव पुढे केलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सांगितलं वाटतं घरच्यांनी." आजी रात्रीच बाकरवडी मागायला आल्या. काका म्हणतात, आता सगळा अभ्यास पहिल्यापासून.

दरम्यान तुमच्या पत्राचं तिकीट १ डॉलर ५५ सेंटवरून १ डॉलर ६५ सेंट झालं. तेव्हा माझ्यासारखा उशीर करू नका. विधानसभेच्या मतदार याद्या लागल्या की त्याच दिवशी जाऊन आपलं नाव बघून या, आणि आईचंही.