मागच्या बाकावरच्या बाई

बी.एड.ची तुकडी येणार अशी नोटीस लागली की शिक्षककक्षात प्रकृतीच्या तक्रारी सुरू होतात. कुणाचा घसा बसतो, कुणाचे गुडघे धरतात, कुणाला दातांच्या डॉक्टरची तारीख नेमकी त्याच आठवड्यात मिळते. बदली तासांना फुकटची माणसं मिळणार म्हटल्यावर आजारी पडायला हरकत कसली? आजारी पडायची मुभा नसते ती एकट्या मार्गदर्शक बाईंना. त्यांच्या नावापुढे मुख्याध्यापकांनी सहा छात्राध्यापक लिहूनही टाकलेले असतात.

या बाई जवळपास प्रत्येक माध्यमिक शाळेत सापडतात. नोकरीला वीसेक वर्षं झालेली, पर्समध्ये लाल पेन, खडूचा तुकडा आणि आवळासुपारी. मार्गदर्शन कसं करावं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. हाती दिलेला असतो तो गुण भरायचा तक्ता. त्यांचं स्वतःचं बी.एड. एका वर्षात उरकलेलं. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमावलीनंतर ते दोन वर्षांचं झालं आणि शाळेत काढायचा काळ 20 आठवड्यांवर गेला. ‘आम्ही पाठ घ्यायचो आणि पळायचो. तुम्ही तर बिऱ्हाड घेऊनच आलात,’ हे बाईंचं स्वागताचं भाषण.

पोरं येतात ती सूक्ष्म अध्यापनात तरबेज होऊन. हा प्रकार 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाला. एका वेळी एकच कौशल्य, पाच-सहा मिनिटांचा पाठ आणि समोर मोजकी मुलं. आपल्याकडच्या कॉलेजात ही ‘मुलं’ म्हणजे वर्गमित्रच. पुढचा नंबर आपलाच आहे हे ठाऊक असल्यामुळे ती शहाण्यासारखी उत्तरं देतात. सातवी ब असला सौदा करत नाही. तिथे 35 मिनिटांच्या तासाचा मजकूर बारा मिनिटांत संपतो. मग नव्या सरांची नजर घड्याळावर, मुलांची सरांवर आणि बाईंची खिडकीबाहेर. बाहेर बघण्यासारखं काही नसतं. पण आत्ता नजरानजर झाली तर पोरगा रडेल, एवढं बाईंना कळतं.

पाठाचं टाचण हा मात्र बाईंच्या करमणुकीचा विषय. त्यात डाव्या रकान्यात शिक्षकाची कृती, उजव्या रकान्यात विद्यार्थ्याची अपेक्षित कृती. हर्बार्टच्या नावाने आपण पंचपदी चालवतो. त्या जर्मन गृहस्थाने चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, पाच केल्या त्याच्या अनुयायांनी. (शिष्यांच्या हाती गुरू सापडला की कागद वाढतो.) त्यातली पहिली पायरी प्रस्तावना. म्हणजे असे प्रश्न विचारायचे की मुलांनी आपणहून पाठाच्या नावापर्यंत चालत यावं.

सातवीला पचनसंस्थेचा पाठ. फळ्याच्या कोपऱ्यात दिनांक, घटक, पट, उपस्थिती सगळं सुबक अक्षरात लिहून नव्या बाईंनी पहिला प्रश्न टाकला, ‘मुलांनो, सकाळी काय खाऊन आलात?’ टाचणात अपेक्षित उत्तर होतं, पोळी-भाजी.

‘चहा!’ अर्धा वर्ग ओरडला.

‘आणखी कोण सांगेल?’

‘बाई, आज संकष्टी आहे,’ वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी उभी राहून म्हणाली.

दुसरा प्रश्न होता, ‘खाल्लेले अन्न कोठे जाते?’ तो आता विचारायचा कुणाला? नव्या बाईंनी टाचणात पाहिलं, टाचणाने काही मदत केली नाही. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, ‘काल रात्रीचं विचार गं.’ वर्ग मटकीची उसळ, कालवण, अंडाभुर्जी असा गाजू लागला आणि पाठ मार्गी लागला.

त्या पाठाच्या निरीक्षण वहीत बाईंनी शेरा लिहिला, ‘आवाज चांगला. फलकलेखनात सुधारणा हवी.’ हाच शेरा आदल्या दिवशी भूगोलाच्या पाठाला होता आणि गेल्या वर्षी सगळ्या तुकडीला. लेखी मार्गदर्शन इतकंच. खरं काम चहाच्या वेळी चालतं. फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस. ओरडण्याऐवजी गप्प उभी राहा. तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलाला वाचायला लावू नकोस, अडखळतो, नंतर आठवडाभर येत नाही. यातल्या एकाही गोष्टीला तक्त्यात रकाना नाही. बाईंच्या कपाटात जागा आहे ती थर्माकोलच्या हृदयाला. तीन तुकड्यांनी ते हृदय ‘स्वनिर्मित शैक्षणिक साधन’ म्हणून दाखवलं आणि बाईंनी तिन्ही वेळा कौतुकाने पाहिलं.

आता मात्र चक्र उलटं फिरलंय. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 मध्ये सुरू झाली, बाई त्याआधीच रुजू झालेल्या. त्यामुळे हल्ली मधल्या सुट्टीत टाचणांच्या ढिगाशेजारी टीईटीचं गाईड उघडलेलं असतं आणि छात्राध्यापिका बाईंची उजळणी घेते. मानसशास्त्रज्ञ प्याजेच्या मते अकरा-बाराव्या वर्षापासून मूल अमूर्त विचार करू लागतं, असं तिने सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘सातवी बला कुणीतरी कळवा.’

बाईंचा पेपर दुसरा: 150 प्रश्न, वेळ अडीच तास. त्यातले 30 गुण बालमानसशास्त्राचे, आणि खुल्या प्रवर्गाला पास व्हायला 90 लागतात. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, हा नियम बाईंचा सगळ्यात आधी पाठ झाला.