राजमान्य राजश्री कुरवराव यांसी

राजमान्य राजश्री कुरवराव हेरिंग गल, वास्तव्य राउंड पाँड, केन्सिंग्टन गार्डन्स, लंडन, यांसी कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

गेल्या आदितवारी तळ्याकाठच्या बाकावर बसून, घरून डब्यात नेलेल्या थालीपिठाचा पहिला घास मी तोंडात घालणार, तोच आपण पाठीमागून, पंखांचा आवाजही न करता अवतीर्ण होऊन ते अखंड थालीपीठ लोण्यासकट जप्त केलेत, त्याबद्दल ही फिर्याद नाही. आपल्या पिवळ्या चोचीवरचा तो तांबडा ठिपका इतक्या जवळून पाहण्याचा योग एरवी आला नसता. समुद्राची पिढीजात सनद पदरी असता आपण हा मुलूख कोणाच्या हुकमाने बळकावलात, आणि इथली जुनी रयत, म्हणजे चिमण्या, कोठे परागंदा झाली, याचा जाब आपणांस विचारावा, असे इथे नित्य फिरावयास येणाऱ्या सभ्य गृहस्थांचे मत पडले आहे.

चिमण्यांचे दप्तर पक्के आहे. १९२५ साली मॅक्स निकलसन या तरुणाने या बागेत शिरगणती केली तेव्हा २६०३ भरल्या. २००० साली हजेरीला ८. पण हा आरोप आपल्यावर ठेवावा, तर गवतावर उभे राहून दोन्ही पायांनी आपण जो ठेका धरता, आणि त्या ठेक्याला फसून वर येणारे भाबडे गांडूळ जे मटकावता, त्या धंद्यात चिमणीचा हिस्सा कधीच नव्हता. घोड्यांच्या तोबऱ्यांतून सांडणारे तिचे दाणे मोटारींनी नेले. छपरांच्या फटी आम्ही बुजवल्या. पिलांना लागणाऱ्या अळ्या तर आमच्या नीटनेटकेपणाला कधी खपल्याच नाहीत.

शिवाय चिमणीचे नाव ब्रिटनमधील संकटग्रस्त पक्ष्यांच्या लाल यादीत २००२ साली चढले, त्याच यादीत २००९ साली आपलेही चढले! किनाऱ्यावरची आपली वस्ती ओसरत असता आमच्या छपरांवर आणि कचऱ्याच्या पेट्यांवर आपण ठळक दिसता, एवढ्यावरून आम्ही आपणांस माजलेले ठरवतो.

सबब बेदखलीचा अर्ज तूर्त तहकूब ठेवला आहे. त्या गृहस्थांपैकी एकास मी विचारले, इथे शेवटची चिमणी केव्हा पाहिलीत? आपणाकडे छडी रोखून ते म्हणाले, "ही बाहेरची मंडळी येण्यापूर्वी," आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून किंचित ओशाळले.

लोभ असावा, ही विनंती.