पोटहिस्सा

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या आळीतून जाणाऱ्या एखाद्या परक्या वाटसरूच्या कानी आप्पांच्या माडीवरून "अहो, आणखी किती खाली?" असा काकूंचा कातर प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ "दोन घरे खाली! सात राहिले... सहा राहिले!" असा आप्पांचा हुकूम पडला, तर त्या घरात कोणी आडात उतरले असावे असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती इतकीच असते, की काकूंना बंगळुरास असलेल्या लेकीशी बोलावयाचे असते, त्यासाठी विंडोज उघडावयाचे असते, आणि आप्पांच्या संगणकात विंडोज ही पूर्वीची एकछत्री मालकीण राहिलेली नसून दोन सहहिस्सेदारांपैकी एक झालेली असल्यामुळे, बटण दाबताच काळ्या पडद्यावर जी नामावळी उमटते तिच्यातून दहा सेकंदांच्या आत खाली उतरून विंडोजला गाठले नाही, तर यंत्र आपल्या मर्जीने उबुंटूत शिरते आणि लेक तिकडे ताटकळत बसते. खालच्या दिशेचा बाण ऐन वेळी सापडावा म्हणून काकूंनी त्या कळीवर आपली एक लाल टिकली चिकटवून ठेवली आहे. संगणकशास्त्रात स्त्रियांनी घातलेल्या भरीचा इतिहास कोणी लिहिणार असेल, तर या टिकलीची दखल त्याने अवश्य घ्यावी.

एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदविणाऱ्या गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग आपल्या समाजात आता स्थिरावला आहे. पूर्वी हा वर्ग अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांपुरता मर्यादित असे, आणि परीक्षा जवळ आली म्हणजे त्याचा ज्वर आपोआप उतरे; परंतु ज्याला परीक्षाही नाही आणि कचेरीही नाही अशा सेवानिवृत्त मनुष्यास हा छंद जडला, तर तो त्याच्या पेन्शनीप्रमाणेच तहहयात चालू राहतो. आमचे आप्पा हे या दुसऱ्या जातीचे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांची उमर गेली. शिराळ्यापासून जतेपर्यंत सांगली जिल्ह्यातील असे गाव क्वचितच असेल, जेथे दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध आप्पा खुणेचा दगड बसवीत आहेत, असा देखावा कधी घडला नसेल. तेहतीस फुटांची साखळी, टिपण, गुणाकार बुक, आकारफोड, कमी-जास्त पत्रक हे शब्द त्यांच्या तोंडी इतक्या मायेने येतात, की ऐकणाऱ्यास ती नातवंडांची नावे वाटावीत.

उबुंटूशी त्यांची गाठ पडली ती टपालाने. २०११ सालापर्यंत ही मंडळी मागेल त्याच्या पत्त्यावर, जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात, आपल्या तबकड्या विनामूल्य धाडीत असत. आप्पांच्या भाच्याने गमतीने मामाचे नाव नोंदविले, आणि एके दिवशी पोस्टमनने परदेशी शिक्क्याचे एक पाकीट आणून दिले. ज्याची पावती नाही, ज्यावर कोणाचा शेरा नाही आणि ज्याचे पैसे कोणी मागत नाही, असा कागद आयुष्यात प्रथमच हाती आल्यामुळे आप्पांनी ते पाकीट आठ दिवस फडताळात बंद करून ठेवले. भाच्याने मग समजावून सांगितले, की उबुंटू हा दक्षिण आफ्रिकेकडचा शब्द असून त्याचा अर्थ माणुसकी असा आहे. त्याचा गाभा म्हणजे लिनक्स, तो हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली स्वतःच्या हौसेखातर रचला व पुढे जगास खुला केला. कोणीही तो वापरावा, पाहावा, सुधारावा. आप्पा क्षणभर विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे गायरान!" ते म्हणाले. मुक्त संगणक प्रणालीची याहून नेमकी व्याख्या मी अद्याप ऐकलेली नाही.

मोजणीला मात्र पहिल्याच दिवशी तक्रार उपस्थित झाली. डिस्कच्या वेष्टणावर ५०० जीबी असे छापलेले असताना विंडोजने ती मोजून ४६५ भरवली. उरलेले पस्तीस कोणी दाबले, या प्रश्नाने आप्पांची झोप उडाली. विक्रेत्याकडे दोन हेलपाटे झाले, लेखी अर्जाचा मसुदाही तयार झाला. पुढे तीच डिस्क उबुंटूने मोजली तेव्हा ती पुरी ५०० भरली, आणि तेव्हा कोठे उलगडा झाला, की विकणारा व उबुंटू हे दोघे हजाराच्या पटीने मोजतात, विंडोज एक हजार चोवीसच्या पटीने मोजते; क्षेत्र तेच, साखळी निराळी. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर होतानाचा काळ ज्याने अंगावर काढला आहे, त्याच्या दृष्टीने हा केवळ हिशेबाचा उलगडा नव्हता. आप्पांनी अर्जाचा मसुदा फाडला आणि त्या दिवसापासून संगणकाला ते आपल्या खात्यातला समजू लागले.

त्यानंतर त्यांना पावलोपावली ओळखीच्या खुणा भेटू लागल्या. विंडोजचे क्षेत्र आकसून उबुंटूस जागा करून द्यावयास गेले, तर निम्मे रान मोकळे असूनही सुटेना. कारण काही फायली जागच्या न हलणाऱ्या असतात, आणि त्यांतली एखादी दूर टोकाला बसलेली असली म्हणजे तिच्या अलीकडे बांध घालता येत नाही. "पल्याडच्या कडेला विहीर आहे हो, मास्तर," असे त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले. दोन्ही प्रणालींना चालू करण्याची सामग्री ज्या चिमुकल्या हिश्श्यात राहते, त्याला त्यांनी सामाईक बोळ ठरविले. परंतु खरा आनंद त्यांना झाला तो जुन्या संगणकांची रीत कळली तेव्हा. त्या रीतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघे ६४ बाइट वाटपाच्या नोंदीसाठी राखलेले असत. त्यांत चारच नोंदी मावत, आणि पाचवा वारस उपजला की चौघांपैकी एकाच्या पोटात आणखी वाटे पाडावे लागत. "पोटहिस्सा!" असे ओरडून आप्पांनी मला टाळी दिली. नव्या रीतीत सरसकट एकशे अठ्ठावीस हिस्से पाडण्याची सोय आहे हे ऐकून मात्र ते खिन्न झाले. इतके वाटेकरी झाल्यावर कसायला काय उरते, असे त्यांचे म्हणणे पडले.

१७३१ साली सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये वारणेचा तह होऊन नदी ही सरहद्द ठरली, ती वारणा आमच्या सांगलीजवळ हरिपुरास कृष्णेला मिळते. तेव्हा एका घराण्याच्या दोन गाद्या ही कल्पना आमच्याकडील माणसास मुळीच नवी नाही. आप्पांनी आपल्या डिस्कवरही तहाची कलमे ठरविली. पहिले कलम असे, की थोरल्या विंडोजला आधी बसवावे आणि धाकट्या उबुंटूला मागाहून. कारण थोरली मागाहून आली तर दारावरची धाकट्याची पाटी काढून स्वतःची लावते, तर धाकटा मागाहून आला असता दोघांचीही नावे पाटीवर लिहितो. दुसरे कलम कब्ज्याविषयी. विंडोजला आपण बंद केले असे समजतो, परंतु पुढच्या खेपेस लवकर उठता यावे म्हणून ती पुरती बंद होत नाही, अर्धवट झोपी जाते. अशा वेळी उबुंटूस तिच्या खोलीत डोकावता येते, पण आत काही ठेवता येत नाही. "खोलीत माणूस दिसत नाही म्हणून ती रिकामी म्हणता येणार नाही," असा आप्पांचा निवाडा आहे. "अंथरूण पसरलेले आहे, तोवर वहिवाट चालूच!"

या तहातून एकच गोष्ट सुटली, ती म्हणजे काळ. संगणकाच्या पेटीत एक लहानसे घड्याळ असते. त्यातील वेळ ग्रीनिचची आहे असे उबुंटू मानते, आणि तीच वेळ स्थानिक आहे असे विंडोज धरून चालते. परिणामी आप्पांनी सकाळभर उबुंटूत घालवून संध्याकाळी साडेसातास यंत्र काकूंच्या स्वाधीन केले, की विंडोजच्या कोपऱ्यात दुपारचे दोन वाजलेले असत. काकू आयुष्यभर भिंतीवरच्या घड्याळावर विसंबल्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही. परंतु आप्पा पडले यंत्रावर भरवसा ठेवणारे. एकदा पडद्यावर सव्वातीन पाहून त्यांनी चहाची मागणी केली, तेव्हा काकूंनी काही न बोलता जेवणाचे ताट आणून पुढ्यात ठेवले. आप्पांनी मात्र ताटावर बसूनच मला साडेब्याऐंशी अंश रेखावृत्त, मिर्झापूर आणि साडेपाच तासांचा फरक यांवर व्याख्यान दिले. एका आज्ञेने हा दोष दूर होतो हे त्यांना ठाऊक आहे. ती आज्ञा त्यांनी अद्याप दिलेली नाही, कारण मग सांगण्यासारखे काय उरेल?

येथे वाचक साहजिकच विचारील, की उबुंटूत आप्पा करतात तरी काय? हा प्रश्न मीही एकदा विचारला होता. विजेचे बिल ते विंडोजमधून भरतात, पेन्शनीची कामे विंडोजमधून उरकतात, नातवाचे फोटो विंडोजमध्ये पाहतात. उबुंटूत शिरून ते उबुंटू अद्ययावत करतात. त्याची नवी आवृत्ती दरसाल एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा निघते. पाच वर्षे सांभाळली जाणारी आवृत्तीही उपलब्ध असताना आप्पा आवर्जून नऊ महिन्यांत मुदत संपणारी घेतात, आणि खरीप-रब्बीच्या नेमाने जुने उपटून नवे पेरतात. पीक कधी निघत नाही. पण मला वाटते, ज्या माणसाने हयातभर दुसऱ्याची जमीन मोजली आणि ज्याच्या नावचा सातबाऱ्याचा एक उतारा तलाठ्याच्या दफ्तरात निघायचा नाही, त्याला उतारवयात पाचशे जीबी क्षेत्र विनातंटा हाती आले, ज्यात मोजणारा तोच, नोंद करणारा तोच आणि भांडणारे दोन्ही भाऊही तोच. अशा माणसास पिकाविषयी विचारणे हा थोडासा आगाऊपणाच झाला.

माझ्या जुन्या संगणकावर त्यांनी केलेल्या उपकाराचा वृत्तांत मी थोडक्यात आटोपतो, कारण तो आठवला म्हणजे अजूनही माझ्या पोटात गोळा उठतो. "मास्तर, तुमची अर्धी जमीन पडीक आहे," असे म्हणून त्यांनी ती माझ्याकडून जवळजवळ भूसंपादनाच्या थाटात काढून घेतली. महिनाभराने मी काकुळतीस येऊन धाकट्यास घालवा अशी विनंती केली, तेव्हा त्यांनी विंडोजमधून उबुंटूचा हिस्सा तडकाफडकी पुसून टाकला. मात्र दारावर बसविलेला उबुंटूचा दरवान तेथेच राहिला, आणि त्या दरवानाची वही तर पाडलेल्या वाड्यात होती. दुसऱ्या सकाळी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढी अक्षरे लुकलुकत होती. आत जाता येईना, बाहेर पडता येईना. आप्पा चार दिवस माझ्याकडे मुक्कामासच असल्यासारखे होते, आणि त्या चार दिवसांत मी त्यांना जितके सुखी पाहिले, तितके त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिले नव्हते.

गेल्या दिवाळीत त्या लेकीनेच हा प्रश्न कायमचा निकालात काढला. ती येताना एक नवा कोरा लॅपटॉप घेऊन आली: जुना बाबांचा, त्यावर त्यांनी वाटेल तेवढे बांध घालावेत, नवा आईचा, त्यावर फक्त विंडोज. काकूंचे डोळे भरून आले. आप्पांनीही मोठ्या मनाने, "झाले, विभक्त झालो," असे म्हणून पेढा तोंडात टाकला. भाऊबीजेला लेक परत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सहज वर डोकावलो, तर नवा लॅपटॉप आप्पांच्या मांडीवर होता. शेजारी कागदावर पेन्सिलीने क्षेत्र आखलेले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत ते हलक्या आवाजात म्हणाले, "फक्त पन्नास जीबी, मास्तर. कडेची. हिला कळायचेसुद्धा नाही."

स्वयंपाकघरात काकू कपाटातून टिकल्यांचे नवे पाकीट काढीत होत्या.