अर्धं तिकीट

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. या दोन योजनांचा एकत्र संसार बघायचा असेल तर जावळी तालुक्यातल्या मेढ्याच्या स्टँडवर सकाळच्या सातारा गाडीला उभं राहावं. आजोबा पुढे, हातात फक्त आधार कार्ड. तेवढं एक त्यांना सापडलेलं असतं. मागून आजी. तिच्या पिशवीत आजोबांची फाईल, साखरेच्या गोळ्या, पाण्याची बाटली, कानटोपी आणि डॉक्टरांना सांगायच्या तक्रारी. तक्रारी अर्थात आजोबांच्याच. तिचे गुडघे 'पुढच्या खेपेला' दाखवायचे असतात.

कंडक्टर आजोबांना शून्य रुपयाचं तिकीट देतो. आजोबा ते मानपत्रासारखं खिशात ठेवतात. आजी पदराच्या गाठीतून सुट्टे काढते. म्हणजे जो पेशंट तो फुकट, आणि जी त्याला सांभाळून नेते तिला भाडं! नवऱ्याहून सहा-सात वर्षांनी लहान मुलगी बघण्याची आपली जुनी रीत अशी पन्नास वर्षांनी एसटीत वसूल होते.

मुलं मुंबईत माथाडी. जावळीतल्या कितीतरी घरांचं तसंच. रात्री फोन येतो, "आबा, तब्येतीला जपताय ना?"

"जपतो की!" आबा म्हणतात.

आतून आजी ओरडते, "अहो, गोळी तोंडात टाका आधी, मग जपा!"