गळतीवाले

कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत एक गृहस्थ असे असतात, की त्यांच्या टेबलाजवळ कुणाला मोकळा श्वास घेता येत नाही. हे अक्षरशः घ्यायचं. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांच्या आसपास असतो, साध्या हवेत दशलक्षात जेमतेम सव्वाचारशे भाग. आणि हे गृहस्थ जी पेटी उघडून बसलेले असतात, तिच्यात त्यांना याच वायूची दशलक्षात काही भागांची चढउतार टिपायची असते. तेव्हा तुम्ही ‘‘काय, चहाला येताय ना?’’ म्हणत वाकलात, की ते आधी झाकण लावतात, मग मान वळवतात आणि म्हणतात, ‘‘तिकडून बोला.’’

हे गळतीवाले. जीनिव्हाजवळचं सर्न, शिकागोच्या पश्चिमेचं फर्मीलॅब, जपानातलं जे-पार्क, जिथे म्हणून बारीक नळ्यांत वायू भरून कणांचा माग काढतात, तिथे ही जात सापडते. मी जवळून पाहिलेला नमुना शिकागोकडचा आणि मराठी. तिथल्या मराठी मंडळातली पोरं त्यांना लीककाका म्हणतात. काकांची हरकत नाही. त्यांच्या मते हा हुद्दा आहे.

फर्मीलॅबच्या म्यू-टू-ई या प्रयोगात अशा नळ्या 20,736. व्यास 5 मिलिमीटर, लांबी जास्तीत जास्त सुमारे अडीच हात, आणि भिंतीची जाडी 15 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दीड टक्का. मायलर प्लास्टिकच्या दोन पट्ट्या सर्पिल गुंडाळून चिकटवलेल्या, मधोमध सोन्याचा मुलामा दिलेली टंगस्टनची तार. शोध आहे तो म्यूऑनचा न्यूट्रिनोंशिवाय थेट इलेक्ट्रॉन होताना दिसतो का, याचा. तो इलेक्ट्रॉन वाटेत कशालाही अडखळू नये म्हणून भिंत पातळ, आणि बाहेर चक्क निर्वात. आत आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड वातावरणाच्या दाबाने फुगून बसलेले, बाहेर काहीच नाही. वायूला बाहेर पडायचा मोह न झाला तरच नवल.

आता सायकलच्या ट्यूबसारखी ही नळी घमेल्यात बुडवून बुडबुडे बघता येत नाहीत. इथली गळती इतकी किरकोळ, की बुडबुडा यायची वाट बघत माणूस निवृत्त होईल. म्हणून नळीत कार्बन डायऑक्साइड भरायचा, तिला लांबट पेटीत निजवायचं, झाकण आवळायचं आणि पेटीतला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने वाढतो ते बघत बसायचं. पडद्यावर ठिपके चढत जातात. त्या चढणीचा उतार म्हणजे गळतीचा दर.

काका ही चढण ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने लोक शेअर बाजार बघतात. हनुवटी मुठीवर, चष्मा कपाळावर (तो कपाळावर असताना ते नेमकं काय बघतात, हे कुणी विचारलेलं नाही), डाव्या हातात थंड झालेला चहा. ठिपका चुकार निघाला की ‘‘च्च.’’ ओळीत आला तरी ‘‘च्च.’’ ओळीत आलेल्यावर त्यांचा जास्त संशय.

नवा विद्यार्थी येतो. हे काम पुष्कळसं विद्यार्थ्यांच्याच हातून होतं. मिनेसोटा विद्यापीठात तर या प्रयोगातल्या नळ्यांची पॅनेलंच्या पॅनेलं पदवीच्या पोरापोरींनी जुळवली. तर तो भाबडेपणाने विचारतो, ‘‘ही नळी गळते का?’’ काकांना हा प्रश्नच कळत नाही. सगळ्या नळ्या गळतात. कुठे भोक नको, चीर नको. कार्बन डायऑक्साइडचे रेणू धडधाकट मायलरमधूनही पाझरत पलीकडे जातात. तेव्हा ‘का’ हा प्रश्न अडाण्यांचा. ‘किती’ म्हणा. अपेक्षेपेक्षा जास्त निघालं तर मात्र काका टोकाशी जातात, जिथे पितळी तुकडा इपॉक्सीने बसवलेला असतो. दहातल्या नऊ भानगडी त्या जोडावरच, असं त्यांचं म्हणणं. हा आकडा त्यांच्या वहीतला नाही, त्रासातला आहे.

तरी काकांना सर्वांत कमी भरवसा नळीचा नाही, पेटीचा. पेटीची रबरी कडी जुनी झाली की खोलीतलाच कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि बिचाऱ्या नळीच्या नावावर खपतो. म्हणून आधी रिकामी पेटी तपासायची. रिकाम्या पेटीपुढे चार तास बसलेल्या माणसाला लांबून बघणाऱ्यांचे गैरसमज होतात. वहिनींचा, म्हणजे काकांच्या पत्नीचा, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात झाला होता.

वहिनी सोसतात. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला तेव्हा काकांनी त्याखाली मोजपात्र ठेवलं आणि फ्रीजवर तक्ता लावला. ‘‘अहो, वॉशर बदला की!’’

‘‘बदलू. आधी दर स्थिर होऊ दे.’’

दर काही स्थिर झाला नाही, कारण वहिनी मधूनमधून मोजपात्र रिकामं करत होत्या. शेवटी प्लंबर आला. त्याने पाच मिनिटांत नळ बसवला आणि काकांनी त्याला अर्धा तास थांबवून ‘नंतरचं’ माप घेतलं. आता मोजण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून ते चार दिवस जरा उदास होते.

त्यांच्याकडे भयकथा एकच आहे आणि ती ते दिवाळीच्या फराळाला सांगतात. सर्नच्या ॲटलास प्रयोगात अशा सुमारे तीन लाख नळ्या, 4 मिलिमीटर व्यासाच्या, आणि आत झेनॉन. झेनॉन महाग म्हणजे किती महाग, हे सांगताना काका चकली खाली ठेवतात. पुढे वायूच्या वाटांवर गळती सुरू झाली, ती अशा ठिकाणी की हात पोचणार नाही. शेवटी जास्त गळणाऱ्या भागांत झेनॉनचा नाद सोडून स्वस्तातला आर्गॉन भरला. ‘‘आर्गॉन!’’ ते म्हणतात, आणि बासुंदीत दूध कमी पडलं म्हणून पाणी घातल्यासारखा चेहरा करतात. ऐकणाऱ्यांना आर्गॉनचा काय गुन्हा ते कळत नाही, पण हळहळ मात्र सगळे व्यक्त करतात.

माणसांनाही ते याच मापाने मोजतात. मंडळाचा पुढचा अध्यक्ष कोण, ही गोष्ट अमक्याच्या कानात सकाळी घातली तर नेपरविल या उपनगरातून शॉमबर्गला किती वाजता पोचते, हे त्यांना पाठ आहे. कुणी म्हणालं, ‘‘तमके मात्र पोटात ठेवतात,’’ की काका मान हलवतात. ‘‘हळू आहेत. ठेवत नाहीत.’’

गेल्या पाडव्याला एक मावशी मुलीच्या स्थळाची चौकशी करायला त्यांच्याकडे आल्या. मुलगा काकांच्याच प्रयोगशाळेत, वर्षभर त्यांच्या शेजारच्या टेबलावर. ‘‘तुमच्या डोळ्यांसमोरचा आहे, भाऊजी. स्पष्ट सांगा, मुलगा चांगला आहे ना?’’

काकांनी चष्मा कपाळावर नेला. बराच वेळ विचार केला.

‘‘आत्तापर्यंत रेघ सरळ आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण एक वर्ष फार थोडं होतं हो.’’

मावशी तडक वहिनींकडे गेल्या.