पिवळ्या पिंपाचे तात्या

लोटे असो, तारापूर असो, महाड असो की कुरकुंभ, केमिकलच्या बहुतेक कंपन्यांत एक तात्या असतात. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं असतं आणि हुद्दाही कुठे सेफ्टी सुपरवायझर, कुठे स्टोअर असिस्टंट, तर कुठे नुसताच सीनियर ऑपरेटर. त्यांना शोधायला हुद्दा विचारावा लागत नाही. ड्रम यार्डाच्या कोपऱ्यात 'स्पिल किट' असं लिहिलेलं, चाकं लावलेलं पिवळं पिंप असतं. त्याच्या झाकणाला नुसता हात लावायचा. कुठून तरी आवाज येतो, "कोण आहे रे तिकडे?" तेच तात्या.

खरं तर त्या पिंपात चोराचे हात शिवशिवावेत असं काही नसतं. सांडलेलं रसायन शोषून घेणारी पॅड, वाहतं रसायन अडवायला लांबलचक भरीव सॉक, सोडा ॲशच्या पिशव्या, नायट्रिलचे हातमोजे, गॉगल, प्लास्टिकचं फावडं, गटाराच्या जाळीवर पसरायची जाड चटई, पीएच पेपर. पण यातली एकेक वस्तू मराठी संसाराला किती सोयीची आहे, हे तात्यांइतकं कुणाला कळलेलं नाही. हातमोजे बागकामाला जातात. गॉगल रंगपंचमीच्या आदल्या दिवशी जातात आणि आलेच परत तर गुलाबी होऊन येतात. फावडं गणपतीच्या मांडवात. सोडा ॲश म्हणजे आपला धुण्याचा सोडाच, हे कँटीनच्या मावशींना कुणी शिकवावं लागत नाही. मेंटेनन्सच्या एका गृहस्थांनी तर पॅड घरी नेऊन मोटरसायकलखाली अंथरलं होतं आणि "काय ऑइल पितं हो ते!" अशी तारीफ थेट तात्यांकडेच केली होती. पुढे स्नेहसंमेलनाला सरबत कालवायला खुद्द पिंपच मागायला मंडळी आली. तात्या त्या दुपारी जेवले नाहीत.

"मग कुलूप लावा ना," असं प्रत्येक नवा मॅनेजर एकदा तरी सुचवतो. त्यावर तात्या ज्या नजरेने बघतात ती त्याला पुन्हा काही सुचवू देत नाही. कुलूप म्हटलं की किल्ली आली, किल्ली म्हटली की ती खिशात घालून गावाला गेलेला माणूस आला. म्हणून तात्या झाकणाला प्लास्टिकचं बारीक सील लावतात. हिसका दिला की तुटतं, पण तुटलं की लपत नाही. सीलवर नंबर असतो, तो तात्यांच्या डायरीत असतो. पहिल्या पाळीला आले की चहाआधी नंबर ताडून बघायचा. घरात देवाला फूल वाहतात तसा हा नेम.

महिन्याची तपासणी मात्र सवडीने बघावी. गॉगलचं इलॅस्टिक कानाजवळ ताणून सोडतात. आवाज मेलेला आला तर गॉगल बाद. हातमोजा मनगटाशी धरून हवेने फुगवतात, पीळ देतात आणि गालाजवळ नेतात. कुठे बारीक भोक असेल तर वारा गालाला लागतो. मग सोडा ॲशची पिशवी मुठीने दाबायची. कोकणातला पावसाळा त्या पिशवीला सोसत नाही. ओल धरली की आतली पूड दगड होते, आणि दगड ॲसिडवर भुरभुरता येत नाही. अशी एक पिशवी तात्यांनी मॅनेजरच्या टेबलावर आणून आपटली होती. पेपरवेट म्हणून ठेवा, म्हणाले.

माझा आणि तात्यांचा संबंध खरेदी विभागापुरता. म्हणजे भांडणाचाच. दर वर्षी त्यांचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, येतं आणि दर वर्षी तोच संवाद होतो.

"तात्या, हे सगळं गेल्याच वर्षी घेतलं होतं की."

"घेतलं होतं."

"वापरलं का?"

"नाही, देवाच्या दयेने."

"मग परत कशाला?"

यावर तात्या खुर्ची ओढून बसतात, म्हणजे माझा अर्धा तास गेला. न वापरलेली वस्तू पुन्हा विकत घेणं हे आमच्या खात्याच्या तत्त्वातच बसत नाही, आणि वस्तू न वापरतासुद्धा म्हातारी होते हे तात्यांच्या तत्त्वातलं पहिलं कलम. पॅड उन्हात राहिलं की विरतं. मास्कच्या काडतुसाला मुदत असते. एके वर्षी त्यांनी २० किलो सोडा ॲश मागितली, आमच्या साहेबांनी लाल पेनने २० चे ५ केले. तात्या भांडले नाहीत. इंडेंटच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला: हायड्रोक्लोरिकचा कारबॉय (ॲसिडचा मोठा कॅन) ३५ किलोचा, ॲसिड ३० टक्के, म्हणजे आत निव्वळ साडेदहा किलो; ते मारायला सोडा ॲश लागते १५ किलोच्या वर; थोडी वाया जाणार, म्हणून २०. खाली लिहिलं, '५ किलोत अर्धा कारबॉयसुद्धा धड मरत नाही. उरलेल्याला थांबायला कोण सांगणार?' साहेबांनी हिशेब वाचला, मान डोलावली आणि ५ तसेच ठेवले. मग तात्यांनी उरलेली पोती तीन वेगवेगळ्या खात्यांच्या नावाने तीन महिन्यांत मागवून घेतली. ऑडिटरला हे अजून उमगलेलं नाही.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी तात्यांना भाव असतो. छातीवर बिल्ला, शपथ, घोषवाक्य स्पर्धा, पिंपाशेजारी मोठ्या साहेबांचा फोटो. नंतर मॉक ड्रिल. आधी सर्क्युलर काढून जाहीर केलेली आणीबाणी, त्यामुळे सगळे वेळेवर हजर. एकदा नव्या इंजिनिअरने ॲसिड म्हणून रंगवलेलं पाणी ओतलं आणि वरून पांढरी पॅड टाकली. पाणी ढिम्म हललं नाही, पॅड आपली वर तरंगत राहिली. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. तात्यांना झालेला आनंद त्यांना लपवता आला नाही. पांढरी पॅड तेलाची, ती पाण्याला शिवत नाहीत; करडी तेल-पाणी दोन्हीला चालतात; ॲसिड, अल्कलीला पिवळी. हे ते कित्येक वर्षं ओरडून सांगत होते, त्या दिवशी पाण्यानेच सांगितलं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तेव्हा पिंपालाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ असते. दुपारनंतर तात्या स्वतःच माळ काढतात, लेबल झाकतं म्हणून.

हा माणूस घरी कसा असेल असं वाटतं, तर तसाच असतो. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका कपाटात ठेवायची त्यांच्या घरात बंदी आहे. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन निघतो, हे त्यांनी वहिनींना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं म्हणे. लग्नाच्या पंगतीत आमटी सांडली तर बाकीचे साड्या सावरतात, तात्या उतार कुठे आहे ते बघतात.

आणि एकदा खरंच सांडलं. उतरवताना कारबॉय कलंडला, झाकण उडालं, धूर निघाला. एक पोरगा भुसा आणायला पळाला, दुसरा पाण्याचा पाइप ओढायला लागला, तिसऱ्याने मोबाइल काढला. तात्यांनी आधी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉककडे बघितलं आणि सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला हाकललं. "पाणी मारू नकोस रे बाळा, सगळं नाल्यात जाईल!" मास्क, गॉगल, हातमोजे चढवले, तोवर त्यांनी तयार केलेला दुसरा गडीही तोंड बांधून आला होता. पावसाळी गटारावर चटई टाकली, मग सॉकचं कडं, मग सोडा ॲश कडेकडेने सुरू करून मध्याकडे. फसफस थांबली, पीएच पेपर लावला, फावड्याने सगळा चिखल पिशव्यांत भरला. नुकसान काहीच नाही. हिंदी सिनेमाच्या हिशेबाने अगदीच फुसका प्रसंग.

मोठे साहेब पाठ थोपटायला आले, तर तात्या रिकाम्या पिंपाकडे बघत उभे. "साहेब, आत्ता या घटकेला आपल्याकडे किट नाही." अभिनंदन राहिलं बाजूला, त्यांनी इंडेंटवर सही मागितली. आणि पिशव्या? कुणीतरी म्हणालं, टाका कचऱ्यात. तात्यांनी त्याला जागीच गार केलं. रसायन प्यायलेलं पॅड हाही घातक कचराच; तो लेबल लावून तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रात जातो, घंटागाडीत नाही.

त्यांच्यावर हसणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. तात्या पिंपाचे भक्त असले तरी आंधळे नाहीत. नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी पिंप दाखवतात आणि म्हणतात, "हे पितं त्याहून जास्त सांडलं, नाहीतर काय सांडलंय तेच कळत नसलं, तर याला हात लावायचा नाही. सायरन दाबायचा आणि आडव्या वाऱ्याने पळायचं. पिंप नवं घेता येतं." १९८४ च्या भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण घातलं गेलं. तात्या ते सांगत बसत नाहीत. पोरगं कंटाळेल, म्हणतात. पळायची वाट दाखवलेली बरी.

माणूस सोसवत नाही, यात वाद नाही. त्यांच्या तोंडी पॅड, सील आणि मुदत याखेरीज विषय नसतो. पण ज्या कारखान्यात असा तात्या नसतो तिथल्या पिंपात काय सापडतं ते मी पाहिलं आहे: दोन रिकाम्या बाटल्या, एक डावा हातमोजा आणि उन्हाळ्यातलं आइस्क्रीमचं कागदी झाकण.

तेव्हा तुमच्या कंपनीतल्या तात्यांचं इंडेंट टेबलावर आलं असेल तर आजच सही करून टाका. आणि कृपा करून किलोचा आकडा खोडू नका.